मावळतीला धरलेलं सूत

१० जानेवारी

सिमेंटच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी ती माझ्या बायकोकडे, ताहेराकडे जाते, किराणा लिहायला. या वर्षी मी मागून घेतली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, ती पण गावातली. त्यामुळे लिहायचं तर मराठीतच.

आज ईदगाहच्या, म्हणजे ईदच्या नमाजाच्या मैदानाच्या, नव्या भिंतीचं सूत धरलं. जुनी भिंत अब्बांनी उभी केली होती. रस्ता रुंद झाला त्यात ती गेली. दिवाळीनंतर मशीन आलं आणि दुपारपर्यंत पाया सुद्धा ओळखू येईना. त्या दिवशी मी अब्बांना तिकडे नेलं नाही. आता त्याच माळावर रस्त्यापासून आत सरकून नवी भिंत बांधायची आहे. काम माझ्याकडेच आलं. गावात गवंडी म्हणजे आमचंच घर.

अब्बांना मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून ज्योतिबाने धरलं. ज्योतिबाचं शेत ईदगाहला लागून आहे. त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, हा डाळिंब करतो. अब्बांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ऊन खाली आलं तसं त्यांनी विचारलं, "टेकला का?"

"टेकायला आलाय."

"मग धर."

नमाजाला तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या रोखाने, म्हणून सूत मावळतीला आणि भिंत सुताला गुण्यात, काटकोनात. हे अब्बांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. इकडचं टोक अब्बांनी खुंटीवर दाबून धरलं. दुसरं टोक घेऊन मी सूर्याच्या रोखाने चालत गेलो आणि तो डोंगरावर टेकला तिथे नजर लावून खुंटी ठोकली. "सरळ हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तर म्हणाले, "मग झालं. माझं डोळं आता तुझ्यापाशीच हाईत."

हे वाक्य लिहून ठेवायचं होतं, म्हणून डायरी.

३१ मार्च

ईद. नमाज मशिदीतच झाली, भिंत कमरेइतकी आहे. रोज्यांत माझ्याने उन्हात काम होईना. अब्बा नमाजानंतर सगळ्यांना सांगत होते, "बकरीदला माळावर. नईमच्या भितीम्होरं." त्यांना आता जास्त दिवस नाहीत हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. आम्ही बोलत नाही. ती एक ईद त्यांना मिळावी एवढंच मागणं आहे.

२० एप्रिल

भिंत पूर्ण झाली. गिलावा आणि मधली कमान सुद्धा. कमिटीचे अध्यक्ष वाजिदभाई म्हसवडला हार्डवेअरचं दुकान चालवतात, मोजून बोलतात. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नईम, काम बाकी नंबरी." त्यांच्या तोंडून हे पुष्कळ झालं.

ज्योतिबा मोटर बंद करायला आला होता. बांधावर उभं राहून बराच वेळ बघत राहिला.

"नईमभाई, तुमची भित माझ्या हिरीकडं तोंड करून बसलीया."

"म्हणजे?"

"म्हंजी काय, तान लागली आसंल तिला."

मी हसलो. सूर्य मावळत होता, तो भिंतीच्या पार उजवीकडे दिसत होता. उन्हाळ्यात सूर्य सरकतो, हे काय मला माहीत नाही? घरी थंडीत तो मागच्या कडुनिंबाआड जातो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीआड. लहानपणापासून बघतोय. भिंत आपल्या जागी आहे, सूर्य सरकलाय, असं मनात म्हटलं आणि थापी धुतली.

८ मे

आमच्या पोरीची, मिस्बाहची परीक्षा संपली, काल आली. ती कराडला बी. एस्सी. करते, तिथल्याच मलकापूरला माझ्या बहिणीकडे राहते. आज कमानीची राहिलेली पट्टी करायला गेलो होतो, ती चहा घेऊन आली. चहा ओतता ओतता भिंतीकडे बघत राहिली, मग मान वळवून सूर्याकडे, मग मोबाईलवरचं होकायंत्र काढलं.

"अब्बा, ही भिंत कुठं बघते?"

"किब्ल्याकडे."

"कुणी सांगितलं?"

"सूर्याने."

ती हसली नाही. मोबाईल जमिनीवर ठेवला, उचलला, लांब जाऊन पुन्हा ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "अब्बा, सूत कधी धरलंत?"

जानेवारीत, म्हटलं. तिने डोळे मिटले. मला तेव्हाच काहीतरी कळलं, पण काय ते अजून नीट सांगता येत नाही.

९ मे

रात्री झोप नाही. पहाटे फजरच्या नमाजाला मशिदीत उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, ही मशीद तरी कुठे बघते? आत आपण समोरच्या भिंतीकडे तोंड करतो. बाहेर ती भिंत कुठे बघते, कोण बघतं?

मिस्बाहने संध्याकाळी अंगणात मला बसवून समजावलं. माझं घमेलं उपडं घातलं. म्हणाली हा सूर्य. मग ताहेराकडून ज्वारीचा एक दाणा घेतला, ही पृथ्वी. "आता ही कुठं ठेवायची?" मी घमेल्याच्या कडेला बोट दाखवलं. ती मला घेऊन चालत सुटली, मोठी मोठी पावलं टाकत, पिठाच्या गिरणीपर्यंत. तिथल्या पायरीवर तो दाणा ठेवला. मागे वळून पाहिलं तर घमेलं दारात एवढंसं दिसत होतं.

तो दाणा आपण. त्या दाण्यावर म्हसवड, कराड, समुद्र, मक्का, सगळं. गिरणीच्या अलीकडे एक मोहरी आणि आणखी एक ज्वारी ठेवली होती, बुध आणि शुक्र. गिरणी ओलांडून बाजरीचा दाणा, तो मंगळ. पुढे एकदम शाळेच्या फाटकापाशी लिंबू, तो गुरू. ज्योतिबा वाटेत भेटला तो आमच्याबरोबर आला, शेवटच्या ग्रहाचं सुकं बोर त्याच्या हातात दिलं. ते वरुण की कोण ते ठेवायला आम्ही माळावर गेलो. आणि जागा आली ती नेमकी ईदगाहची. माझी भिंत.

"एवढीच आपली सूर्यमाला," मिस्बाह म्हणाली.

"एवढीच?" ज्योतिबाने विचारलं. "पाय दुकलं की गं बाय. आनि मधी काय हाय?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"आन ह्याच्या पुढं? दुसरा सूर्य?"

"दुसरं घमेलं अमेरिकेत."

ज्योतिबा बोर हातात घेऊन उभाच राहिला. मग म्हणाला, "नईमभाई, पोरीला जास्ती शिकवू नगा. लय लांब जाईल." आणि बोर खाऊन टाकलं.

१० मे

शाळेच्या फाटकात कुणीतरी लिंबू टाकलंय म्हणून सकाळी बोंब. आठ-दहा माणसं जमली होती, कुणी ओलांडायला तयार नाही. करणी आहे, उतारा आहे, दोन बायका पोरांना मागच्या दाराने नेत होत्या. ज्योतिबाने जाऊन लिंबू उचललं, "गुरू हाय त्यो, भ्या नगा," म्हणाला. लोक त्याच्याकडेच घाबरून बघायला लागले. दुपारी त्याने त्याचं सरबत केलं.

हसू आलं, पण हसता हसता थांबलो. त्या सगळ्यांची खात्री होती. माझीही होतीच की, सुताबद्दल.

आज मोसंबी आणि दाभण. मिस्बाहने मोसंबीत दाभण आरपार घातलं, तो पृथ्वीचा आस. ते तिरकं धरलं, टोक कडुनिंबाच्या झाडाकडे. आणि घमेल्याभोवती फिरली. फिरताना टोक झाडाकडेच. घमेल्याच्या या बाजूला असताना मोसंबीचं डोकं सूर्याकडे झुकतं, तो उन्हाळा. पलीकडे गेल्यावर डोकं लांब जातं, ती थंडी. म्हणून मावळती थंडीत दक्षिणेला सरकते आणि आता उत्तरेला. आपल्या गावातून मक्का पश्चिमेच्या थोडी उत्तरेला आहे. वर्षातून दोनदा मावळती नेमकी त्या रोखावर येते, एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या वीस-पंचवीसला. तेवढे आठ-दहा दिवस सोडले तर मावळतीला धरलेलं सूत चुकणारच.

"आणि जानेवारीत?"

"डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त."

ती फिरत होती तोपर्यंत सगळं कळत होतं. ती थांबली, मोसंबी सोलून ताहेराला दिली, आणि माझं सगळं गेलं. आता लिहितोय तर टोक कुणीकडे होतं तेही आठवत नाही.

१२ मे

पृथ्वी सूर्याभोवती. ठीक. मी विचारलं, सूर्य तरी एका जागी आहे ना? नाही, म्हणाली. सूर्य हे सगळं घेऊन, मोहरी, बाजरी, लिंबू सगळं, आणखी कशाच्या तरी भोवती फिरतो. आपण रात्री आकाशात दुधाळ पट्टा बघतो ना, त्याच्यातच आपण आहोत, आतून बघतोय म्हणून पट्टा दिसतो. आणि मध्यावर नाही, बाजूला कुठेतरी. एक फेरा व्हायला वीस-बावीस कोटी वर्षं. आणि तो पट्टाही थांबलेला नाही.

"मग थांबलेलं काय आहे?"

"अब्बा, असं काही सापडलेलं नाही."

मी गवंडी आहे. कुठलंही काम सुरू करताना आम्ही आधी एक खुंटी ठोकतो, ती हलत नाही, बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. खुंटीच नाही म्हटल्यावर लोक कशावरून मोजतात?

१५ मे

मौलानांना विचारलं. ते मिरजेकडचे, तरुण आहेत, घाईने बोलत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "नईमभाई, आपल्याला दिशा धरायला सांगितलंय, नेम नाही. थोडं इकडं तिकडं झालं तरी नमाज होते. आणि कळून कुणी चुकीकडं तोंड केलेलं नाही. भिंतीचं म्हणाल, तर नमाजाला भिंत लागतच नाही."

"मग मी काय बांधलं?"

ते हसले. "सावली."

वाजिदभाईंनी मात्र कपाळाला हात लावला. त्यांच्या मोबाईलवर एक रोख आणि मिस्बाहच्या मोबाईलवर दुसरा. भिंतीतल्या सळ्यांमुळे काटा भरकटतो, ती म्हणाली. वाजिदभाई म्हणाले, "आता पाडापाडी न्हाई. बकरीदला रांगांच्या दोऱ्या तिरक्या लावू. अन नईम, गावात बोंब नको. चांदसाहेबांना तर बिलकूल नको."

चांदसाहेब म्हणजे अब्बा, त्यांचं सांगायची गरज नव्हती. अब्बा रोज विचारतात, कमान कशी झाली, गिलावा कसा बसला. मी सगळं सांगतो, एवढं एक सोडून.

२८ मे

मिस्बाहने एक उपाय सांगितला होता, आणि तो मला पटला होता. आज दुपारी दोन अठ्ठेचाळीसला सूर्य मक्केत काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या मिनिटाला जगात कुठूनही सूर्याकडे तोंड केलं की तो किब्ला. मोबाईल नको. ओळंबा टांगायचा, त्याच्या दोरीची सावली पडेल ती रेघ.

ओळंबा माझ्या हातातलं हत्यार आहे. सकाळपासून मला बरं वाटत होतं.

पण चार दिवस आभाळ भरलेलं आहे. मे महिन्यात असं कधी झालं नाही. आम्ही दोघं ओळंबा टांगून बसलो. ओळंबा सरळ, सावली नाही. सूर्य होता, तिथेच होता, नेमक्या जागी, फक्त आम्हाला दिसत नव्हता. वेळ निघून गेली. मिस्बाह म्हणाली पुन्हा जुलैच्या मध्यावर.

७ जून

बकरीद. हे कसं लिहू.

दोऱ्या तिरक्या लावल्या होत्या, मिस्बाहने काढून दिलेल्या अंदाजाने. लोक आले, थोडी कुजबुज झाली, वाजिदभाईंनी "रस्त्यामुळं, जागेमुळं" असं काहीतरी सांगितलं आणि रांगा लागल्या. मी अब्बांची खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवली. आणि ठेवताना हाताने ती भिंतीच्या समोर, सरळ ठेवली. मला वाटलं त्यांना काय कळणार. सकाळचं ऊन नेमकं त्यांच्या पाठीवर होतं.

मग शेजारचे वीस लोक तिरके उभे आणि खुर्ची एकटी सरळ. मौलानांनी मला खूण केली. मी खुर्ची फिरवली. ऊन अब्बांच्या पाठीवरून उजव्या खांद्यावर गेलं.

त्यांनी मान किंचित वळवली. हातातली काठी पुढे करून भिंत चाचपली. एकदा डावीकडे टेकवली, ती लगेच लागली. उजवीकडे नेली, ती पोचलीच नाही.

नमाज झाली. गळाभेटी झाल्या. अब्बांना घेऊन घरी आलो. खाटेवर बसल्यावर म्हणाले, "रांग वाकडी का भित वाकडी?"

मी सांगितलं. सगळं, मोसंबीपासून. त्यांना किती कळलं माहीत नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजी मावळतीला सूत धरायचं न्हाई."

"नाही."

"मग माझी भितबी वाकडीच व्हती. मीबी मावळतीलाच धरलं व्हतं." आणि मग, "अन तुझी अम्मी?"

जुनी ईदगाह होती तेव्हा कबरस्तान तिच्या मागेच होतं, आता मध्ये रस्ता आणि वेड्या बाभळी. अम्मीची कबर अब्बांनी स्वतः आखली होती, जुन्या भिंतीला धरून. कडेचे दगड त्यांनीच बसवले. डोकं उत्तरेला, तोंड किब्ल्याकडे.

त्यांनी आज कुर्बानीच्या घासाला हात लावला नाही.

१० जून

मौलाना घरी येऊन गेले. अब्बांना सांगितलं, चाचा, आत गेलेल्याचं तोंड कुणीकडे ते अल्ला बघतो, दगड नाही बघत. अब्बांनी ऐकलं. "तुमचं बराबर हाय," म्हणाले. ते गेल्यावर मला म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. पर हात माझा हाय."

ताहेरा मिस्बाहवर चिडली. "कशाला सांगितलंस? सगळी उभी राहिली असतीच की." मिस्बाह रडली. मी कुणाची बाजू घेऊ? खरं कळलं ते वाईट झालं असं म्हणवत नाही. चांगलं झालं असंही म्हणवत नाही.

२२ जून

अब्बा जेवण कमी करत चाललेत. शुक्रवारी जुमाला मशिदीत येतात, बाकी खाटेवर. काल मला विचारलं, "ती पोरगी म्हनती ते ज्वारीच्या दान्याचं खरं हाय?" मी हो म्हटलं. "एवढासा दाना, अन त्याच्यावर तुझी अम्मी."

रात्री अंगणात पडलो. आभाळ मोकळं होतं, तो दुधाळ पट्टा दिसत होता. मला भीती वाटायला हवी होती का, ते कळेना. एवढ्या मोठ्या रिकामपणात कुणी ज्वारीच्या दाण्यावरच्या एका कबरीकडे बघत असेल का? मग वाटलं, बघत असेल तर तोच बघू शकतो, दुसऱ्या कुणाला ती दिसणारच नाही. या विचाराने थोडं बरं वाटलं, पण तो बरोबर आहे की नाही ते कळत नाही. विचार तपासायला गुण्या नसतो.

१५ जुलै

मिस्बाह कॉलेजला परत गेली, तिने वेळ लिहून दिली होती. दोन सत्तावन्न. आज आभाळ गच्च. पाऊस नाही, आमच्याकडे नसतोच, पण ढग जायचे नाव नाही. अब्बा म्हणाले उद्या चालतं का? चालतं, म्हटलं, एक दिवस इकडे तिकडे. "मग उद्या मला घिऊन चल. भितीपाशी न्हाई. तिच्यापाशी."

१६ जुलै

दुपारी ज्योतिबाने गाडी आणली. बाभळीतून वाट त्याने कोयत्याने काढली, आणि तो बाहेरच थांबला. अब्बांनी अम्मीला सलाम केला, फातिहा वाचला. मी तीन काठ्या बांधून कबरीच्या शेजारी ओळंबा टांगला.

आभाळ कालच्यासारखंच होतं. वेळ जवळ आली तशी मी घड्याळ आणि आभाळ, घड्याळ आणि आभाळ. अब्बा जमिनीवर बसले होते, काटकोन तपासायचा गुण्या मांडीवर. त्यांनीच घरातून आठवणीने घ्यायला लावला होता.

"आलं का ऊन?"

"नाही."

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

वेळ झाली त्या मिनिटाला ऊन नव्हतं. मग बाहेरून ज्योतिबा ओरडला, "नईमभाई, आलं, आलं, बघा." माळावरून उजेड पळत येताना दिसला, आधी रस्ता, मग बाभळी, मग आम्ही. दोरीची सावली जमिनीवर उमटली, बारीक, काळी. मी खिळ्याने तिच्यावरून रेघ ओढली, कबरीच्या दगडापर्यंत. रेघ पूर्ण झाली आणि ऊन गेलं. घड्याळात तीन वाजून गेले होते, पण थोड्याने रेघ हलत नाही असं मिस्बाहने सांगितलं होतं.

"ओढली," म्हटलं.

अब्बा गुडघ्यांवर सरकत आले. आधी दगडांच्या ओळीवर हात फिरवला, डोक्यापासून पायापर्यंत. मग बोटांनी मातीतली रेघ शोधली. मग गुण्या ठेवला. एक बाजू दगडाला, दुसरी रेघेवर. अंगठ्याने कोपरा चाचपला. पुन्हा उचलून ठेवला. माझे डोळे असून मी रेघेकडे बघत नव्हतो, त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो.

"गुण्यात हाय," ते म्हणाले.

मग दगडावर तळहात ठेवून बसून राहिले. मीही बसलो. ज्योतिबा आत येऊन बघून गेला.

परत निघताना म्हणाले, "तुझ्या भितीकडं चल." भिंतीवर त्यांनी दोन्ही हात फिरवले, कमानीच्या आत, पट्टीवर. "काम चांगलं हाय. पाडू नगा. वाजिदला सांग, रांगा कायमच्या आखून घे. सूत मी धरतो."

"लोक विचारतील, भिंत तिरकी का."

"सांग, बाप आंधळा व्हता."

"अब्बा, नजर माझी होती."

"सूत माझ्या हातात व्हतं," ते म्हणाले. आणि गाडीत बसले.

१८ जुलै

आज अब्बा पोटभर जेवले. कबरीपाशी काढलेली रेघ रस्ता ओलांडून ईदगाहवर आणली, फरशीवर पहिली रांग आखली. अब्बांनी टोक धरलं. या वेळी सूर्याकडे बघितलंच नाही.

पण मला एक कळत नाही. त्यांनीही मावळतीलाच धरलं होतं, मीही मावळतीलाच. मग त्यांचं बरोबर कसं आलं? मला वाटतं त्यांची नियत. किंवा त्यांचे डोळे तेव्हा चांगले होते. पण जानेवारीत माझेही चांगलेच होते.

मी त्यांना विचारलं, जुन्या भिंतीचं सूत धरलं तेव्हा काही वेगळं केलं होतं का. आठवून म्हणाले, "येगळं काय न्हाई. शिंगणापूरची चैताची जत्रा झाली व्हती, पोरं जत्रंतनं परत आली न्हवती, मजूर मिळंना. मी आन तुझी अम्मी, दोघांनीच धरलं. कैरीला कोय धरली व्हती, तिनं मिठासंगं आनली व्हती."

आता जत्रेचा, कैरीचा आणि किब्ल्याचा काय संबंध? अम्मीने धरलं होतं हे मात्र मला माहीत नव्हतं. तेच कारण असेल. मिस्बाहला फोन केला की विचारीन, पण ती पुन्हा मोसंबी काढेल.

संध्याकाळी ताहेरा दारात ज्वारी निवडत होती. मी सुपातून एक दाणा उचलून तळहातावर घेतला. खूप वेळ बघितला. हलका, थोडा पिवळट, एका बाजूला काळा ठिपका. "काय हाय त्यात?" ती म्हणाली. काही नाही म्हटलं आणि परत सुपात टाकला. मग तोच पुन्हा शोधायला गेलो तर सापडेना. तिने सूप पाखडलं.

सूर्य मावळला, मगरीबची अजान झाली. उठून मशिदीत गेलो.